बांबूचा स्टीमर आणि मासा: झाकणाला पूर्ण गुण, टोपलीला अर्धे

घरी आशियाई पद्धतीचे साधे मासे करायचे ठरवले की पहिल्याच आठवड्यात माणूस ज्या वस्तूच्या मोहात पडतो, ती म्हणजे बांबूचा स्टीमर. कँटनी पद्धतीचा आले-पातीचा मासा, थायलंडचा लिंबू-लसणीचा मासा, जपानचा साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडून वाफवलेला मासा, यांपैकी कोणत्याही पदार्थाच्या छायाचित्रात ती गोल, फिकट पिवळी टोपली कुठेतरी डोकावतेच आणि ती घेतल्यावाचून या स्वयंपाकाला हात घालता येणार नाही, असे वाटू लागते. मीही असाच दहा इंची, दोन मजल्यांचा स्टीमर घेतला आणि गेले आठ महिने आठवड्यातून एक-दोनदा त्यात मासा शिजवला. या वापरानंतरचे माझे मत असे की मासा वाफवण्यासाठी या वस्तूचे झाकण अप्रतिम आहे, टोपली मात्र मुळात माशासाठी घडवलेलीच नाही. ती डिमसमसाठी, म्हणजे लहान, कोरड्या, एकमेकांपासून सुटे ठेवता येतील अशा घासांसाठी घडवलेली आहे, आणि मासा यांपैकी काहीच नसतो.

आधी वस्तूविषयी थोडे. बांबूच्या पातळ पट्ट्या वाकवून केलेली दोन कडी, तळाशी थोडे थोडे अंतर सोडून बसवलेल्या आडव्या पट्ट्या आणि वर दुहेरी विणीचे, किंचित घुमटाकार झाकण, एवढाच हा सगळा संसार आहे. कड्यांचे सांधे बारीक तारेने शिवलेले आहेत. बाहेरून मोजले तर व्यास सुमारे २५ सेंटिमीटर भरतो. आतली वापरण्याजोगी जागा मात्र २३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि हा दोन सेंटिमीटरांचा फरक पुढे किती महागात पडतो ते सांगणारच आहे. कोरा स्टीमर थेट वापरू नये. अर्धा तास पाण्यात भिजवून तो रिकामाच वीस मिनिटे वाफेवर ठेवावा लागतो, आणि मी हे दोनदा केल्यानंतरच त्याचा ओल्या गवतासारखा वास गेला. त्याआधी उतावीळपणे वाफवलेल्या कॉडच्या तुकडीला तोच वास लागला होता, आणि कॉडसारखा सौम्य मासा असा वास लपवू शकत नाही.

आता झाकण. वाफेवर शिजवण्याचे बळ कशात आहे हे लक्षात घेतले तर झाकणाचे मोल कळते. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम एका अंशाने थंड झाला तर एक कॅलरी उष्णता देतो. तोच एक ग्रॅम वाफेच्या रूपात येऊन थंड पृष्ठभागावर पाणी होतो तेव्हा सुमारे ५४० कॅलरी देऊन जातो. म्हणून वाफ माशाला इतक्या झपाट्याने शिजवते, आणि म्हणूनच झाकण उघडताना हात भाजतो तो पाण्याच्या चटक्यापेक्षा जास्त. पण ही वाफ माशावर जशी पाणी होते तशीच ती झाकणाच्या आतल्या बाजूलाही होते. स्टीलचे किंवा काचेचे झाकण असेल तर ते थेंब एकत्र होऊन थेट खाली टपकतात, माशाच्या पाठीवर पांढुरके डाग पडतात, वर पसरलेली आल्याची सळी ओली होऊन चिकटते आणि ताटलीत पाण्याचे तळे साचते. बांबूचे विणीचे झाकण ओलावा स्वतःत घेते, जादा वाफ विणीतून हळूहळू बाहेर सोडते, आणि पाणी टपकतच नाही.

हे ऐकीव वाटू नये म्हणून मी एकाच माशाच्या दोन सारख्या तुकड्या, सारख्या ताटल्यांत, एक बांबूच्या स्टीमरमध्ये आणि दुसरी स्टीलच्या भांड्यात काचेच्या झाकणाखाली, प्रत्येकी आठ मिनिटे वाफवून पाहिल्या. बांबूमधल्या ताटलीत मोठे दोन चमचे पाणी निघाले, ते बहुतेक माशाचेच होते. काचेच्या झाकणाखालच्या ताटलीत जवळपास पाच चमचे. चवीत फरक होता, पण त्याहून मोठा फरक पोतात होता: पहिल्या तुकडीचा पृष्ठभाग साटिनसारखा तुकतुकीत राहिला, दुसरीचा भिजून भुसभुशीत झाला. ज्यांच्याकडे फक्त धातूचे झाकण आहे त्यांनी ते पातळ सुती फडक्यात गुंडाळून टोके वर बांधावीत, म्हणजे बराचसा हाच परिणाम साधतो. हा उपाय मला स्टीमर घेण्याआधी ठाऊक असता तर कदाचित हे परीक्षण लिहिण्याची वेळच आली नसती.

टोपलीची कथा वेगळी आहे. मासा पट्ट्यांवर थेट ठेवता येत नाही. ठेवला तर कातडी बांबूला चिकटते, रस खाली गळून जातो, आणि एकदा पट्ट्यांच्या फटींत माशाचे पाणी मुरले की तो वास पुढच्या तीन-चार वेळच्या स्वयंपाकात डोके वर काढतो. म्हणून ताटली हवीच. पण २३ सेंटिमीटरच्या जागेत २२ सेंटिमीटरची ताटली बसवली की कडेने वाफ वर यायला जागाच उरत नाही. ती ताटलीच्या बुडाखाली कोंडते आणि मासा वरून कच्चा, खालून शिजलेला राहतो. हीच चूक करून मी पहिले दोन महिने या स्टीमरला दोष देत होतो. आठ मिनिटांत व्हायला हवी ती तुकडी तेरा मिनिटे घेत होती आणि तेराव्या मिनिटाला तिच्या कडा घट्ट झालेल्या असायच्या. १८ सेंटिमीटरची, थोडी खोलगट पण ठेंगण्या काठाची ताटली वापरू लागल्यावर वेळ पुन्हा आठ-नऊ मिनिटांवर आला. ताटली आधीच तीन मिनिटे वाफेत तापवून मग तिच्यावर मासा ठेवला तर आणखी बरे, कारण जाड चिनी मातीची थंड ताटली सुरुवातीची बरीच उष्णता स्वतःच पिऊन टाकते. माशाखाली कांद्याच्या पातीचे दोन-तीन लांब देठ आडवे टाकावेत, म्हणजे तो ताटलीपासून जरा उचललेला राहतो आणि वाफ खालूनही फिरते.

१८ सेंटिमीटरच्या ताटलीत अख्खा मासा कसा बसवायचा, हा प्रश्न मात्र सुटत नाही. कँटनी स्वयंपाकात वाफवलेला मासा म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा मासा. साधारण सहाशे-सातशे ग्रॅमचा, आठ ते दहा मिनिटांत शिजणारा. असा मासा तीस सेंटिमीटरच्या पुढेच असतो. त्याचे मधोमध दोन तुकडे करून शेजारी ठेवता येतात, पण मग डोक्याकडचा जाड भाग आणि शेपटीकडचा पातळ भाग एकाच वेळी शिजत नाहीत आणि पानात वाढताना तो मासा अपघातातून वाचल्यासारखा दिसतो. अपवाद एकच सापडला, तो म्हणजे पापलेट. त्याचा घाट चपटा आणि गोलसर असल्यामुळे शेपटीचे व परांचे टोक छाटलेले लहान पापलेट या टोपलीत जणू मापाने शिवल्यासारखे बसते. दक्षिण चीनमधील तेओच्यू लोक पापलेट खारवलेले आलुबुखार, टोमॅटो, खारवलेली मोहरीची पाने आणि आले घालून वाफवतात; आंबट-खारट रसातला तो मासा या स्टीमरमध्ये मी केलेल्या पदार्थांपैकी सर्वांत समाधान देणारा ठरला.

तुकड्यांपुरते बोलायचे तर कँटनी पद्धत घरी करायला सर्वांत सोपी आहे, आणि स्टीमरची परीक्षाही तीच सर्वांत नीट घेते, कारण तिच्यात काहीच लपत नाही. मासा ताजा हवा: डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, वास समुद्राचा, अमोनियाचा नव्हे. शिजवण्याआधी त्यावर सोया सॉस ओतण्याचा मोह आवरावा, कारण मीठ माशातले पाणी बाहेर ओढते आणि ताटलीतला रस कडवट, गढूळ होतो. तुकडी कोरडी पुसून त्यावर आल्याचे दोन-चार काप ठेवायचे, पाण्याला खळखळून उकळी आली की मगच स्टीमर कढईवर चढवायचा, एक इंच जाडीच्या तुकडीला आठ मिनिटे द्यायची आणि आच बंद करून झाकण न उघडता आणखी दोन मिनिटे थांबायचे. ताटलीत जमलेले पाणी ओतून टाकायचे. ते टाकायला जीव होत नाही, पण माशाचा उग्रपणा त्याच पाण्यात उतरलेला असतो. मग वर ताज्या आल्याची आणि पातीची केसासारखी बारीक सळी पसरून, धूर निघण्याच्या बेतात आलेले दोन चमचे तेल तिच्यावर ओतायचे. जो चर्र आवाज होतो, त्यात सगळा सुगंध आहे. शेवटी दोन चमचे सोया सॉस, दोन चमचे पाणी आणि अर्धा चमचा साखर एकत्र गरम करून माशाच्या अंगावर नव्हे, कडेने सोडायचे.

स्टीमरबरोबर आलेल्या पत्रकात माशासाठी ‘१५ ते २० मिनिटे’ एवढीच सूचना होती. कोणता मासा, किती जाड, ताटलीसह की ताटलीविना, याचा पत्ता नाही. ही सूचना पाळणाऱ्याला वाफवलेल्या माशाविषयी कायमची अढी बसेल. माशाचे स्नायू आखूड तंतूंचे असतात आणि त्यांना बांधणारी संयोजक ऊती इतकी नाजूक असते की थोड्या उष्णतेतच ती विरघळते. म्हणून मटणाला मिळणारा वेळ माशाला दिला की तो मऊ होण्याऐवजी कोरडा पडतो. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन माशाच्या आतल्या भागासाठी ६३ अंश सेल्सिअस तापमान सांगते. मी सळीचा तापमापक खुपसून पाहतो: ५७-५८ अंशांना आच बंद केली तर झाकणाखालच्या दोन-तीन मिनिटांत एक इंच जाडीची तुकडी उरलेले अंतर स्वतःच कापते. तापमापक नसेल तर सर्वांत जाड भागात चॉपस्टिक घालून पाहावी. ती विरोधाविना आत गेली आणि पापुद्रे सुटू लागले की झाले. सॅमनवर पांढरे दहीसारखे ठिपके जमू लागले तर समजावे की आच मोठी होती किंवा वेळ जास्त झाला. ते ठिपके म्हणजे स्नायूंतून पिळून बाहेर आलेले प्रथिन असते.

थायलंडच्या ‘प्ला नुएंग मनाओ’ या पदार्थात ही टोपली थोडी अडचणीची ठरते, कारण तिथे मासा कोरडा नसतो, रसात बसलेला असतो. मूळ पदार्थ बहुधा जिताड्याचा, म्हणजे तिकडे ज्याला ‘प्ला कपोंग’ म्हणतात त्याचा. पोटात ठेचलेली गवती चहाची पात भरून मासा वाफवतात आणि वर लिंबाचा रस, फिश सॉस, ताडाची साखर, ठेचलेली लसूण, बारीक तिखट मिरच्या आणि कोथिंबीर यांचा गरम रश्श्यात कालवलेला आंबट-तिखट झणका ओततात. माझे प्रमाण तीन चमचे लिंबूरस, दोन चमचे फिश सॉस, एक चमचा साखर आणि चार चमचे रस्सा असे स्थिरावले आहे. लिंबाचा रस वाफेत शिजवायचा नाही, मासा उतरवल्यावरच घालायचा, नाहीतर त्याचा ताजेपणा जाऊन नुसता आंबटपणा उरतो. एवढा रस धरायला खोल वाडगे लागते, आणि पाच सेंटिमीटर उंचीच्या मजल्यात खोल वाडगे ठेवले की झाकण टेकत नाही. म्हणून मी मासा ठेंगण्या ताटलीत वाफवून नंतर खोलगट भांड्यात सरकवतो, आणि सरकवताना तो हमखास एका ठिकाणी तरी मोडतो.

फिश सॉसविषयी जाता जाता: तो केवळ अँकोवी हे छोटे मासे आणि मीठ यांचा, बारा महिने किंवा त्याहून जास्त काळ मुरवलेला असावा. व्हिएतनामी बाटल्यांवर ३० किंवा ४० असा आकडा आणि पुढे अंशाचे चिन्ह व ‘एन’ दिसतो. ते तापमान नसून एका लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन आहे याचे, म्हणजे प्रथिनाच्या दाटपणाचे माप आहे. फु क्वोक बेटाच्या फिश सॉसला युरोपीय संघाने २०१२ मध्ये उगमस्थानाचे संरक्षण दिले आहे. वाफवलेल्या माशावर कच्चाच पडणारा सॉस असल्यामुळे इथे हलकी बाटली लगेच उघडी पडते.

जपानी पद्धतीत मात्र स्टीमरने आपला सगळा दोष धुऊन काढला. ‘साकामुशी’ म्हणजे साकेसह वाफवणे. तुकडीला दोन्ही बाजूंनी मीठ लावून वीस मिनिटे ठेवायचे, सुटलेले पाणी पुसून काढायचे, आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या कोम्बू या समुद्री शेवाळाच्या तुकड्यावर मासा ठेवून त्यावर दोन चमचे साके शिंपडून वाफवायचे. यात रस थोडा, ताटली लहान, तुकडी एकेरी, म्हणजे सगळेच टोपलीच्या मापाचे. चवीचे गणितही इथेच सर्वांत स्वच्छ दिसते. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बूच्या रसातून ग्लुटामेट वेगळे करून त्या भरीव, रसदार चवीला ‘उमामी’ म्हटले, आणि १९१३ मध्ये शिन्तारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशाच्या, म्हणजे कात्सुओबुशीच्या, चवीचे मूळ इनोसिनेटमध्ये सापडले. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की चव दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. माशात इनोसिनेट असतेच. त्याच्याखाली कोम्बू आला, वर सोया सॉस आला किंवा त्याला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लागला की जोडी जुळते. मासा आणि सोया ही जोडी एवढ्या मोठ्या भूभागात का टिकून आहे, याचे निदान एक कारण तरी हे असावे.

दोन मजल्यांचा फायदा जाहिरातीत जितका मोठा करून सांगतात तितका तो नाही. खालचा मजला लवकर शिजतो, वरचा मागे राहतो, आणि वरच्या मजल्यातला मासा खालच्या भाजीवर गळतो. म्हणून मासा खाली आणि पालेभाजी वर ठेवावी, तीही शेवटच्या तीन मिनिटांपुरती. दोन्ही मजल्यांत मासा ठेवायचा असेल तर अर्ध्या वेळेनंतर मजल्यांची अदलाबदल करावी लागते, आणि त्या उघड्या क्षणात जी वाफ निसटते तिची भरपाई एक-दीड मिनिट वाढवून करावी लागते. बांगड्यासारखा तेलकट मासा या स्टीमरमध्ये करूच नये, हे माझे वैयक्तिक मत. त्याला आच आणि करपलेली कातडी हवी असते. व्हिएतनामचा कॅरॅमलमध्ये आटवलेला ‘का खो तो’ मातीच्या भांड्याचा, जपानचा गोड मिसोत मुरवलेला मासा जाळीचा. त्या वाटेला ही टोपली जात नाही.

निगा राखणे कटकटीचे आहे. साबण लावायचा नाही, नुसत्या गरम पाण्याने आणि ब्रशने घासायचे, आणि उभे टेकवून दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळेपर्यंत मोकळ्या हवेत ठेवायचे. एकदा दमट दिवसांत मी अर्धवट ओला स्टीमर कपाटात ठेवला आणि चार दिवसांनी झाकणाच्या आतल्या विणीत काळ्या बुरशीचे ठिपके सापडले. व्हिनेगरचे पाणी आणि दीर्घ वाफ देऊन ते फिकट झाले, गेले नाहीत. कढई स्टीमरपेक्षा निदान पाच सेंटिमीटर रुंद हवी आणि पाणी खालच्या कड्याला लागेल पण पट्ट्यांपर्यंत पोहोचणार नाही इतके हवे. पाणी कड्याच्या खाली गेले की तापलेल्या कढईवर बांबू करपतो. माझ्या खालच्या कड्याला एका बाजूने हाताच्या पंजाएवढा काळा डाग आहे, तो फोनवर बोलताना पाणी आटल्याचा. सहाव्या महिन्यात एका सांध्याची तार सैल होऊन कडे उकलू लागले. विक्रेत्याकडे लिहिले तर नैसर्गिक साहित्यात असे होतेच, असे उत्तर आले. तार नैसर्गिक साहित्यात कधीपासून मोडू लागली, हे मी विचारले नाही.

घ्यायचाच असेल तर दहा इंची न घेता बारा इंची घ्यावा आणि तो बसेल एवढी कढई घरात आहे का, हे आधी मोजून पाहावे. आठ इंची आकार माशासाठी निरुपयोगी आहे. ज्यांना तुकड्याच शिजवायच्या आहेत, त्यांना दहा इंचीही चालेल. ज्यांना अख्खा मासा हवा आहे, त्यांनी रुंद कढई, तिच्यात एक ठेंगणी धातूची तिवई, तिवईवर लांबट ताटली आणि फडक्यात गुंडाळलेले उंच झाकण एवढ्यावर काम भागवावे. मी आता अख्ख्या माशासाठी हेच करतो. बांबूचा खालचा मजला आणि झाकण तुकड्यांच्या दिवशी बाहेर निघतात. वरचा मजला खिडकीपाशी असतो, त्यात लसूण आणि आले ठेवलेले असते, आणि तिथे हवा छान खेळत असल्यामुळे दोन्ही बरेच दिवस टिकतात.